वाढत्या अंगाचं माप

जैनुद्दीन मास्तरांच्या दुकानात बायकांचं माप पडद्याआड घेतलं जाई, आणि ते मास्तर कधीच घेत नसत. पडद्याच्या आत त्यांची बायको जुबैदा टेप लावायची आणि मोठ्याने आकडा पुकारायची. बाहेर मास्तर तो वहीत लिहायचे. "खांदा साडेचौदा." लिहिला. "बाही एकवीस." लिहिली. आखातातल्या एका बेटावर, बुसैतीनच्या त्या गल्लीत एकोणीस वर्षं हा कारभार असाच चालला. नवरा-बायकोत अबोला असला तरी आकडे चुकत नसत, फक्त जरा जास्तच खणखणीत आवाजात यायचे. गिऱ्हाईक बायकांना त्यावरून घरातलं हवामान कळे.

ऑक्टोबरात एका सकाळी जुबैदा चहा गाळता गाळता खाली बसली आणि उठलीच नाही. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये ती वारली. पाचव्या दिवशी मास्तरांनी दुकान उघडलं. गल्लीतले लोक म्हणाले, माणूस मोठा खंबीर आहे. खंबीर कसला! दुकान उघडायची सवय होती म्हणून उघडलं, इतकंच. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं सबंध मास्तरांचं झालं होतं. भेटायला येणाऱ्यांना ते चहा पाजायचे, कुणी रडायला लागलं तर पाण्याचा ग्लास पुढे करायचे. स्वतःला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही वाईट वाटत नव्हतं.

घरात आता दोघंच. मास्तर आणि मुलगी नाझिश. नाझिश अठरा वर्षांची, बारावीत, उंची पाच फूट नऊ इंच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेडकडच्या त्यांच्या सबंध खानदानात एवढी उंच बाई झाली नव्हती. शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये होती, पण ऑक्टोबरनंतर तिने शाळेत सांगून टाकलं की मी खेळत नाही. कारण कुणी विचारलं नाही. शाळा सुटली की ती दुकानात यायची, पडद्याआड जायची आणि आईच्या जागी उभी राहून आकडे पुकारायची. आईचा टेप मात्र तिने कधी घेतला नाही. तो आत खिळ्याला लटकत होता, तसाच राहिला. तिने दुसरा आणला. बापलेकीचं बोलणं म्हणाल तर बहुतेक आकड्यांतच व्हायचं. मास्तर कोकणी बोलत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि जेवण गप्प होई.

जुबैदाची थोरली बहीण, नाझिशची खाला शरीफुन्निसा, खेडला होती. ती दर शुक्रवारी नमाजानंतर फोन करायची.

"पोरीला इकडं धाडून दे," ती म्हणायची. "बारावी झाली का इथं कॉलेजात घालू. तू दिसभर दुकानात, तिच्याकडं कोन बघनार?"

"बरं," मास्तर म्हणायचे.

त्या महिन्यांत मास्तरांची सगळी भाषा या एका शब्दावर आली होती. दिवा गेला, बरं. शिलाई मशीनचा पट्टा तुटला, बरं. पोरगी ऑगस्टात जाणार, बरं. इथल्या युनिव्हर्सिटीची फी आपल्याला झेपणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. तिकडे खाला आहे, कॉलेज आहे, घर आहे. इथे एक बाप आहे, तो दिवसभर काज-बटणं करतो.

मे महिन्याच्या अखेरीस कश्मिरा मॅडम आल्या.

या मूळच्या नागपूरच्या. सखीरकडच्या एका खाजगी युनिव्हर्सिटीत मुलींच्या बास्केटबॉल टीमच्या कोच. गेली पाच वर्षं टीमच्या जर्सी त्या मास्तरांकडून शिवून घेत, कारण बऱ्याच मुली जर्सीच्या आत पूर्ण बाह्यांचा टॉप घालत, आणि काखेत न काचणारा तो टॉप मास्तरांसारखा कुणाला जमत नसे. बाई आवाजाने मोठी, चालीने घाईची. दुकानात शिरली की पंखा जोरात लागल्यासारखं वाटे.

"मास्तर, बारा सेट," त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "नावं अकरा आहेत. बाराव्या जर्सीला नाव नाही अजून."

"बरं."

"बरं काय, माझी झोप उडाली आहे! चार जणी यंदा पास होऊन गेल्या. तीन जागा भरल्या, एक राहिली. तिची पूर्ण फी माफ आहे आणि तरी मला धड पोरगी मिळत नाही." स्टुलावर बसून त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. "लोकांना पहिल्या पाच जणी दिसतात. माझं सगळं भांडण सहाव्या पोरीपासून बाराव्या पोरीपर्यंत आहे. एकीचा पाय मुरगळला, दुसरीला पाच फाउल झाले, की मागे वळून बघायचं कुणाकडे? मागच्या सीझनला मागे वळले, तर बेंचवर दोन पोरी आणि एक पाण्याचा कूलर. खलास."

मास्तर इस्त्री फिरवत राहिले.

मॅडमची नजर काउंटरवरच्या जाड वहीवर गेली. गेली कित्येक वर्षं मास्तर तीन-चार शाळांचे युनिफॉर्म शिवत होते. त्या वहीत या बेटावरच्या निम्म्या शाळकरी मुलींचे हात लिहिलेले होते म्हटलं तरी चालेल.

"यात बाह्यांची मापं आहेत ना?" मॅडमनी विचारलं, आणि उत्तर यायच्या आत वही उघडली. "बाकीचे कोच व्हिडिओ बघतात. मी टेलरची वही बघते. बारावीच्या पोरी कुठल्या पानावर?"

त्या पानं उलटत गेल्या. एकवीस, साडेवीस, बावीस. मग बोट थांबलं.

"साडेतेवीस? मास्तर, ही नाझिश कोण?"

"पोरगी हाय माझी."

"ती उंच? दोन वर्षांपूर्वी मी तिला शाळेच्या मॅचला बघितलं होतं. काडी होती, हात कुठे ठेवायचे तेच कळत नव्हतं तिला." मॅडमनी मोबाइलवर बेरीज मांडली: खांदा, दोन्ही बाह्या, वर दोन पंजे. बेरीज बघून त्या उठून उभ्याच राहिल्या. "उंची पाच नऊ, आणि हात पसरले की सहा फूट साडेतीन इंच. मास्तर, ही तुमच्या घरात आहे आणि तुम्ही गप्प?"

त्यांनी पिशवीतून छापील फॉर्म काढला. बारावी जागा द्यायची ठरत होती जुफैरच्या एका मुलीला. ती चांगली खेळायची, पण तिचे हात चारचौघींसारखे. नाझिश आठ महिने खेळली नव्हती, तिच्या बाजूने सांगण्यासारखं फक्त एकच होतं, ते या वहीत. "खेळ मी शिकवीन. हात लांबवणं मला येत नाही. आमच्या स्पोर्ट्स डिपार्टमेंटला गुरुवारपर्यंत कागद हवा, ते कागदावरच ठरवतात. इथे आकडे भरा आणि खाली सही करा, माप घेणाऱ्याची. पोरगी इथेच राहील मास्तर, तुमच्याजवळ. इंशाल्ला."

मॅडमनी "साडेतेवीस" म्हटलं तेव्हाच मास्तरांची इस्त्री थांबली होती. तो आकडा खरा नव्हता, हे त्यांना त्याच क्षणी आठवलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. ते म्हणाले, "बरं."

आता हा आकडा कुठून आला, ते सांगायला हवं. वहीतल्या सगळ्या मुलींची मापं अंगाबरोबरची होती, सैलपणा मास्तर कापताना धरायचे. एका मुलीचं माप तेवढं वेगळ्या कायद्याने लिहिलं जाई. जुबैदा आपल्या लेकीचं माप नेहमी वाढत्या अंगाचं पुकारायची. पोर सहा वर्षांची होती तेव्हा ठीक होतं, पोरं वाढतातच. पण हे बारा वर्षं चाललं. नाझिशच्या फ्रॉकात, शर्टात, ड्रेसमध्ये कायम आणखी अर्धी नाझिश मावेल एवढी जागा असे. तिच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या नसल्या तर ती आजारी आहे असं समजावं.

गेल्या ऑगस्टात शाळा सुरू व्हायच्या आधी जुबैदाने पडद्याआडून पुकारलं, "बाही साडेतेवीस," तेव्हा मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली होती.

"साडेतेवीस? माणसाची हाय का माडाची?"

"दोन इंच वाढत्या अंगाचं."

"अठराची झाली ती. आता काय वाढनार, कपाळ?"

"वाढंल," जुबैदा आतून म्हणाली. "तू लिव."

ते लिहिलं गेलं. दोन महिन्यांनी पुकारणारी गेली. आकडा वहीत राहिला.

त्या दिवशी संध्याकाळी मास्तरांनी नाझिशला फॉर्म दाखवला. तिने तो उभ्या उभ्या वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

"अब्बा, सीरियसली? फुल फी?"

"मॅडम तसं म्हनाली."

"म्हणजे खेडला नाही?"

"नाय."

आकडे मास्तरांनी अजून भरले नव्हते. कुठला आकडा, हे तिने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तिने पलंगाखालून चेंडू काढला. त्यातली हवा गेली होती. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून ती भरून आली, आणि मग खाली पार्किंगमधून आवाज यायला लागला, धप, धप, धप. मास्तर वर जेवत होते. जेवण झाल्यावर ताट बघून त्यांच्या लक्षात आलं की आपण सुरमईचा दुसरा तुकडा घेतला होता. ऑक्टोबरपासून त्यांनी पुन्हा काही वाढून घेतलं नव्हतं. शुक्रवार नसतानाही शरीफुन्निसाचा फोन आला, तिकिटाचं काय झालं म्हणून. मास्तर "बरं" म्हणाले नाहीत. म्हणाले, "थांब जरा."

दोन दिवस तो आवाज येत होता. दोन दिवस मास्तर फॉर्म इस्त्रीच्या टेबलावरून कपाटात आणि कपाटातून टेबलावर ठेवत होते. आपण खोटं बोलायचं ठरवतो आहोत असं त्यांना वाटत नव्हतं. त्यांना काहीच ठरवता येत नव्हतं, एवढंच. आकडा जुबैदाचा होता, तिच्या तोंडून निघालेला, आपल्या हाताने लिहिलेला. तो फॉर्मवर उतरवला की पोरगी राहते. इतकं सरळ होतं.

बुधवारी दुपारी त्यांनी पेन उघडलं, आणि सहीची जागा त्यांना नीट दिसली. माप घेणाऱ्याची सही. ते माप त्यांनी घेतलंच नव्हतं. एकोणीस वर्षांत त्यांनी एकाही मुलीचं माप घेतलेलं नव्हतं, त्यांनी फक्त लिहिलं होतं. आणि शिंप्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: चुकीचा आकडा वहीत लपतो, अंगावर लपत नाही. एक ना एक दिवस तो आरशासमोर उभा राहतो.

नाझिश दुकानात आली तेव्हा मास्तर पडद्यामागच्या जागेत उभे होते. पडदा त्यांनी पूर्ण बाजूला सारला होता. हातात खिळ्यावरून काढलेला जुबैदाचा टेप होता. इतके महिने एकाच जागी लटकून त्याला मधोमध मोड पडली होती.

"हात सोड खाली," ते म्हणाले.

तिने हात सोडला. मास्तरांनी खांद्याच्या हाडावर टेप धरला, मनगटापर्यंत नेला. साडेएकवीस. पुन्हा घेतलं. साडेएकवीस. डावा हात घेतला. तोही साडेएकवीस. जुबैदाने दोन इंच दिले होते, त्यातला एक धागाही पोरीने वापरला नव्हता.

"वहीत ट्वेंटी-थ्री अँड हाफ आहे ना?" नाझिश म्हणाली.

"तुझ्या अम्मीन वाढत्या अंगाचं लिवायला लावलान मना."

"आय नो. माझे सगळे शर्ट मोठेच असायचे." ती थोडा वेळ आरशात आपल्या हातांकडे बघत राहिली. दोन दिवस चेंडू खेळून तळवे काळे झाले होते. "अब्बा, राइट द रिअल वन."

मास्तर बाहेर येऊन फॉर्मसमोर बसले.

"तिथे फर्स्ट प्रॅक्टिसलाच त्यांना कळणार. मग ते विचारतील, कुणी मेजर केलं?" तिने मोकळ्या खिळ्याकडे बघितलं. "आय डोंट वॉन्ट देम लाफिंग ॲट अम्मी."

मास्तरांनी फॉर्मवर साडेएकवीस लिहिलं. खाली आपली सही केली. मग टेपची गुंडाळी केली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. त्यांना पुन्हा काहीच वाटेनासं झालं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचं बरं वाटलं.

शनिवारी कश्मिरा मॅडमचा फोन आला. आवाज त्यांचा नेहमीचा नव्हता.

"मास्तर, दोन्ही हातांचे मिळून चार इंच कमी झाले. त्यांनी जुफैरवाली घेतली. मी बोलले त्यांच्याशी, पण माझ्याकडे दाखवायला दुसरं काही नव्हतं. पुढच्या वर्षी एखादी जागा झाली तर मी तिला आधी बोलवीन."

"बरं."

"तुम्ही जुनाच आकडा लिहिला असता तर तिलाच घेतलं असतं त्यांनी. मग मी तुमच्यावर ओरडले असते. पण तोवर ती आत असती."

"बरं," मास्तर म्हणाले. "बाराव्या जर्सीवर नाव काय टाकू?"

मॅडमनी नाव सांगितलं. मास्तरांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि दुपारी जर्सीच्या पाठीवर बसवलं. अक्षरं एका ओळीत, कुठे सुरकुती नाही. काम इतकं चांगलं झालं की मॅडम न्यायला आल्या तेव्हा त्यांना मास्तरांकडे बघवेना. नाझिशने दारातून जर्सी पाहिली, "नाइस," म्हणाली आणि पडद्याआड गेली. पार्किंगमधला आवाज बंद झाला होता. शरीफुन्निसाला मास्तरांनी स्वतः फोन करून तारीख सांगितली.

जून गेला, जुलै गेला. बारावीचा निकाल लागला. नाझिश चांगल्या मार्कांनी पास झाली. मास्तरांनी गल्लीत हलवा वाटला. लोक म्हणाले, "आता पोरीचं भलं होईल." हलवा उरला तो त्यांनी डब्यात भरून ठेवला आणि विसरले.

जायला आठ दिवस उरले तेव्हा खेडला न्यायचे पाच ड्रेस शिवायचे होते. कापड नाझिशने आणलं होतं. दुपारची वेळ, बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती पडद्याआड गेली, आरशासमोर उभी राहून स्वतःच स्वतःला टेप लावला आणि पुकारायला लागली. बाहेर मास्तर नव्या पानावर लिहीत होते.

"खांदा साडेचौदा."

लिहिला.

"छाती चौतीस."

लिहिली.

"बाही साडेएकवीस."

मास्तरांनी लिहिलं. ती पुढचा आकडा सांगायच्या आधी पडद्याबाहेर डोकावली, कारण पेन्सिलचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ आला होता. तिने वहीत पाहिलं.

"अब्बा, यू रोट ट्वेंटी-थ्री अँड हाफ."

"हां."

"इट्स ट्वेंटी-वन अँड हाफ. तूच मेजर केलंस."

"ठावं हाय मना." मास्तर वहीकडेच बघत होते. "अजून वाढशील तू."

"अब्बा, आय ॲम ऑलमोस्ट नाइन्टीन."

"वाढशील," ते म्हणाले. गाल, ओठ, हनुवटी, जे इतके महिने आपलं नव्हतं ते सगळं एकदम परत आलं, आणि भयंकर दुखलं. मास्तर वहीवर डोकं टेकून रडले. दुपारी दोन वाजता, दुकानाचं दार उघडं असताना, मोठ्याने रडले. पोरगी जायला नको होती. त्यांना ती इथे हवी होती. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, स्वतःलाही नाही, आणि आता सांगून उपयोग नव्हता. नाझिशने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग तीही रडायला लागली. ऑक्टोबरात दोघांनी आपापलं जे बाकी ठेवलं होतं ते त्या दुपारी एकत्र झालं.

पाचही ड्रेस त्याच मापाने कापले गेले. तिने हरकत घेतली नाही.

फ्लाइट सकाळची होती. पाचांतला निळा ड्रेस तिने घातला होता, दोन्ही बाह्या दोनदा दुमडून. बॅगेत चेंडू होता, हवा काढून चपटा केलेला. पासपोर्ट कंट्रोलच्या रांगेत ती सगळ्यांत उंच दिसत होती. मास्तर काचेच्या अलीकडे उभे होते. त्यांना वाटलं, बरं झालं ही उंच आहे, शेवटपर्यंत दिसेल.

काउंटरवरून सुटल्यावर ती वळली. बॅगा उचलताना बाह्यांच्या घड्या सुटल्या होत्या. तिने हात उंच केला. बाही अर्ध्या पंज्यावर आली होती, बाहेर फक्त बोटं दिसत होती. जाईपर्यंत ती तशीच हलवत राहिली, आणि मास्तरांची नजर बोटांवर गेलीच नाही, त्यांना बाहीचं ते दोन इंच जास्तीचं कापड तेवढं हलताना दिसलं.